चारशे फूट नरिमन पॉइंट

नरिमन पॉइंट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मरीन ड्राइव्हचा कठडा, पावसाळ्यातल्या लाटा, लिंबू-तिखट लावलेलं कणीस आणि कुणाचा तरी हात. सगळं मान्य! पण एकदा त्या कठड्याकडे पाठ करा आणि मागच्या बिल्डिंगांकडे बघा. सत्तरच्या दशकातलं काँक्रीट, प्रत्येक खिडकीखाली लटकणारे एसी, लॉबीत काळ्या पाटीवर शंभरेक कंपन्यांची नावं. गेला महिनाभर मी त्या पाट्या वाचत फिरतेय. कारण मला तिथे ऑफिस हवंय. भाड्याने.

आम्ही सहा जण आहोत. कंपन्यांचे वार्षिक अहवाल डिझाइन करतो. इतकी वर्षं दादरला पार्टनरच्या काकांच्या फ्लॅटमध्ये दुकान चाललं होतं. मग सोसायटीचं पत्र आलं, रहिवासी जागेत व्यवसाय नको, तीन महिन्यांत आवरा. बँकेत शिल्लक बारा लाख. त्यातून डिपॉझिट, फर्निचर आणि क्लायंटचे पैसे उशिरा आले तर दोन महिन्यांचे पगार. हिशेब चुकला तर ऑफिस राहील, पण त्यात बसायला माणसं राहणार नाहीत.

‘मग डायरेक्ट बीकेसी बघ ना,’ असा सल्ला प्रत्येकाने दिला. बघितलं की! काचेच्या बिल्डिंगा, गुळगुळीत लॉबी, गेटवर फोटो काढून चिकटवलेला पास. एमएमआरडीएने १९७७ पासून मिठी नदीकाठच्या खाजणावर प्लॅन केलेली ही वसाहत आता मुंबईचं खरं बिझनेस सेंटर झालीय. सेबी तिथे, एनएसई तिथे, २०१० पासून हिरे बाजारही तिथे. पण सहा माणसांच्या ऑफिसला तिथे मजला नाही, कोपराही नाही. मिळतात त्या को-वर्किंगमधल्या खुर्च्या. खुर्चीमागे महिन्याचा आकडा ऐकला आणि आम्ही कॉफीही न पिता निघालो.

आता गंमत बघा. बीकेसीचं जे बलस्थान, तेच पॉइंटचं दुखणं. तिकडे बहुतेक अख्खी बिल्डिंग एका मालकाची. बँकेला सलग तीन मजले पाहिजेत? एका सहीत मिळतात. पॉइंटवर बिल्डरांनी त्या काळी ऑफिसं सुटी सुटी विकली. एकाच मजल्यावर एक सीए, एक शिपिंग एजंट, एक वकील आणि एक बंद दार, ज्याचे वारस कोर्टात भांडतायत. मोठ्या कंपनीला सलग जागा द्यायची तर आठ मालकांना एका टेबलावर बसवावं लागतं. म्हणून मोठे गेले. आणि म्हणूनच आमच्यासारख्या छोट्यांना तिथे फट सापडते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात हाच तुकडा जगातल्या सर्वांत महाग ऑफिस-जागांत गणला जायचा, खोटं वाटेल तुम्हाला. अर्थव्यवस्था नुकतीच खुली झालेली, परदेशी बँका दारात उभ्या, आणि बसायला जागा एवढीच. पुढे लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनी खुल्या झाल्या, बीकेसी उभं राहिलं, माणसं राहायला बोरिवली-ठाण्याच्याही पुढे गेली. भाव कोसळायला वेगळं कारण लागलंच नाही.

जुन्या भाडेकरूंची गोष्ट त्याहून मसालेदार. ३१ मार्च २००० ला महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भागभांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण त्यात काढून घेतलं. म्हणजे वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात फोर्टात ऐसपैस बसलेल्यांना मालक म्हणू शकला, बाजारभाव द्या नाहीतर निघा. आमचं भांडवल एक लाख. कायद्याच्या नजरेत आम्ही गरीब. पण मालकही हुशार असतात, आता सगळं ‘लीव्ह अँड लायसन्स’वर चालतं.

आमचे ब्रोकरकाका मात्र एकदम वल्ली. तीस वर्षं याच सहा गल्ल्यांत. पांढरा सफारी, दोन मोबाइल. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘मॅडम, चारशे फूट म्हणता, पण कार्पेट की चार्जेबल?’ हा प्रश्न लक्षात ठेवा, बॉस. तुमची टेबलं बसतात ती कार्पेटवर. भाडं लागतं ते चार्जेबलवर, ज्यात लॉबी, जिना, लिफ्ट यांचा तुमच्या वाट्याचा तुकडा धरलेला असतो. समजा कार्पेट ४०० आणि चार्जेबल ६५०. समजा दर २५० रुपये. झाले १,६२,५००. म्हणजे तुमच्या पायाखालच्या फुटाला पडले चारशेच्या वर! त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी २९,२५०. तो पुढे क्रेडिटमध्ये वळता होतो खरा, पण महिन्याच्या सात तारखेला खात्यातून जायचा तो जातोच. डिपॉझिट सहा महिन्यांचं धरलं तर पावणेदहा लाख. आमच्या बारा लाखांचं काय उरतं ते तुम्हीच काढा.

पहिल्या तीन जागा बघून मी खचलेच होते. एकीत फॉल्स सीलिंग खाली आलेलं, दुसरीत टॉयलेट मजल्याच्या टोकाला आणि किल्ली शिपायाकडे. तिसरी झक्कास होती, समोर अख्खा समुद्र. मालकाला पाच वर्षांचा करार, तीन वर्षं लॉक-इन, नंतर १५ टक्के वाढ हवी होती. लॉक-इन म्हणजे धंदा बुडाला तरी तीन वर्षांचं भाडं तुमच्या मानेवर. ‘सी-व्ह्यूचे पैसे समुद्राला नाही, मालकाला द्यायचे,’ काका म्हणाले.

दुपारी जेवायला खाली उतरलो. गल्लीत सँडविच, डोसा, पावभाजी, कापलेली फळं. टाय सैल केलेले बँकवाले आणि मंत्रालयात फाइलच्या मागे आलेले सांगली-जळगावचे लोक एकाच बाकड्याशी उभे. बीकेसीत मला हे सापडलं नव्हतं. तिथे जेवायलाही लिफ्टने जावं लागतं.

चालता चालता काका एअर इंडियाच्या बिल्डिंगसमोर थांबले. १९७४ ची, २३ मजली, एकेकाळी या किनाऱ्याची शान. कंपनीचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं. जून २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातली बरीच खाती इकडेतिकडे विखुरली होती. शेवटी राज्य सरकारने ही बिल्डिंग १,६०१ कोटींना घ्यायचं २०२३ मध्ये ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने होकार दिला. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथलाच चार एकरांहून थोडा मोठा प्लॉट मेट्रो कंपनीकडून सुमारे ३,४७२ कोटींना घेतला. मेलेल्या एरियात कोणी असा पैसा टाकत नाही. काकांचं मत, पॉइंट पुन्हा उठणार. ब्रोकर दुसरं काय म्हणणार, म्हणा! पण या वेळी माझंही मत तेच आहे, आणि कारण पायाखाली आहे.

मेट्रो तीन. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली. आमच्यातले दोघं डोंबिवलीहून येतात. पूर्वी सीएसएमटीला उतरून टॅक्सीची रांग किंवा बसची वाट. आता स्टेशनाखालून हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. तिसऱ्या स्टेशनावर बाहेर. शिवाय कोस्टल रोड मरीन ड्राइव्हला येऊन मिळतो, पण तो गाडीवाल्यांसाठी. आमच्यात गाडी एकाकडे, तीही वडिलांची.

हां, आणि नरिमन कोण, हे ठाऊक आहे? खुर्शेद नरिमन. १९२० च्या दशकात बॅकबे बुजवण्याच्या सरकारी योजनेत पाण्यात जाणाऱ्या पैशावर या वकिलाने तोफ डागली. हार्वी नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. भरावाच्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचं नाव भरावावरच्या महागड्या जमिनीला. मुंबईला असले विनोद बरोब्बर जमतात.

चौथी जागा आतल्या गल्लीत, सहाव्या मजल्यावर. मालकीण ऐंशीच्या घरातल्या आजी. नवऱ्याने सत्तरच्या दशकात निर्यातीच्या धंद्यासाठी ती घेतली होती. टेलेक्सची जागाही त्यांनी दाखवली. दोन वर्षं बंद, म्हणून पडेल ते घ्यायला तयार असतील असं मला वाटलं. छे! भाड्यात रुपया सोडेनात. मग काकांनी हळूच भाड्याचा विषय सोडला आणि बाकीचे मुद्दे काढले. लॉक-इन दीड वर्ष. डिपॉझिट चार महिन्यांचं. पहिले सहा आठवडे रंगकामासाठी बिनभाड्याचे. आजी सगळ्याला हो म्हणाल्या. आकडा त्यांच्यासाठी इभ्रतीचा होता, अटी नव्हत्या.

‘बेटा, दिवा लावशील ना रोज?’ एवढंच त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

लॉक-इनच्या कलमात ‘दोन महिन्यांची लेखी नोटीस’ एवढी ओळ आमच्या वकिलाने घातलीय, करार पुढच्या आठवड्यात रजिस्टर होईल. पार्किंग नाही. खिडकीतून समुद्रही दिसत नाही, समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. तेरा आहेत. पार्टनरने मोजले.