जेम्सटाऊन: मातीच्या रंगावरून सापडलेला किल्ला

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्गहून येणारा, दुतर्फा झाडी असलेला रस्ता जेम्स नदीतील ज्या बेटापाशी संपतो, तेथे १४ मे १६०७ रोजी १०४ इंग्रज पुरुष व मुलगे मुक्कामाला उतरले आणि इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकाऊ वसाहत सुरू झाली. मुलूख अर्थातच पोव्हाटन जमातींचा होता. वसाहतीमागे असलेल्या व्हर्जिनिया कंपनीचा १६०९ पासूनचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. म्हणजे सुरतेच्या वखारीचे आणि या किल्ल्याचे धागे लंडनच्या एकाच व्यापारी वर्तुळात जाऊन मिळतात.

मूळ किल्ला नदीने गिळला, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा तो खोटा ठरला. येथे चिरेबंदी तट नव्हता, लाकडी खांबांचे कुंपण होते. असा खांब कुजला की त्याच्या जागी भोवतालच्या मातीहून गडद डाग उरतो आणि डागांची रांग जुळत गेली की तटाची रेषा हाती लागते. या रीतीने नदीकडे सुमारे ४२० फूट आणि इतर दोन बाजूंना सुमारे ३०० फूट असा त्रिकोण सिद्ध झाला. त्याच रेषेवर आज नवे खांब रोवलेले आहेत.

त्रिकोणाच्या आत सर्वांत अस्वस्थ करणारी जागा एका तळघराची आहे. १६०९-१० च्या हिवाळ्यात पोव्हाटनांच्या वेढ्यामुळे अन्न तुटले आणि सुमारे तीनशे वसाहतकऱ्यांपैकी साठच्या आसपास वाचले. नरमांस खाल्ल्याच्या तत्कालीन नोंदींवर पुष्कळांचा विश्वास नव्हता. पण २०१२ मध्ये या तळघरातील कचऱ्यात, कुत्र्या-घोड्यांच्या हाडांसोबत, सुमारे चौदा वर्षांच्या इंग्रज मुलीची कवटी व नडगीचे हाड मिळाले. कपाळावरील उथळ, चाचरते घाव हे सराईत हाताचे नव्हेत, असे अभ्यासकांचे मत आहे. कागदावरील साक्षीला मातीने दिलेला असा दुजोरा विरळाच.

जवळच १६०८ च्या चर्चची जागा आहे. पोव्हाटन प्रमुखाची मुलगी पोकाहाँटस आणि इंग्रज वसाहतकरी जॉन रोल्फ यांचा १६१४ मधील विवाह येथेच झाला असे मानले जाते. जुलै १६१९ मध्ये लोकप्रतिनिधींची सभा भरवणाऱ्या या वसाहतीत त्याच वर्षी गुलाम केलेले आफ्रिकी लोकही आणले गेले. जेम्सटाऊनची थोरवी सांगताना ही दुसरी बाजू गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

प्रवाशाने एक काळजी घ्यावी: ‘जेम्सटाऊन सेटलमेंट’ हे थोड्या अंतरावरचे स्थळ प्रतिकृतींचे संग्रहालय आहे, उत्खनित अवशेष ‘हिस्टॉरिक जेम्सटाऊन’ येथे आहेत आणि दोन्हींची तिकिटे वेगळी आहेत.