हाफ क्लच

मागच्या पावसाळ्यात पसरणीचा घाट चढताना आमच्या मारुती ८००ने अचानक असहकार पुकारला. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, इंजिनाने आकाशपाताळ एक करावे आणि गाडीने मात्र तसूभरही वेग वाढवू नये, असा प्रकार. मागोमाग जळका वास आला. पाठीमागची एसटी हॉर्न वाजवीत कडेने निघून गेली. मोठा आवाज आणि शून्य गती हे दृश्य आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना अगदीच अपरिचित होते असे नाही. पण ते वर्गाबाहेर इतक्या उघडपणे कधी पाहिले नव्हते.

आम्ही दोघेही मराठीचे एम. ए. एकाची नोकरी वाईत, कायमस्वरूपी. दुसऱ्याचे तास घाटावरच्या महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. गाडी २००६ची, आमच्याकडे जुनीच आलेली. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आले आणि २०१४च्या जानेवारीत त्याचे उत्पादन थांबले. साहजिकच ‘आता काढून टाका’ हा सल्ला आम्हाला वरचेवर मिळतो.

गॅरेजवाल्याने आधी क्लचची केबल तपासली. मग हँडब्रेक ओढला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच शाबूत असता तर इंजिन गचका खाऊन बंद पडले असते. ते निवांत फिरत राहिले. “प्लेट संपली, सर. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

क्लच बसलेला असतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. त्यामुळे तळहाताएवढ्या जाडीचीही नसलेली ती प्लेट बदलण्यासाठी अर्धी गाडी खोलावी लागते. बॅटरी निघाली, गिअर ऑइल निथळले, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट बाहेर आले, इंजिनाला खालून टेकू लागला आणि दुपारी गिअरबॉक्स जमिनीवर आला. प्लेट हातात घेतली तर तिच्यावरचा घर्षणाचा थर झिजून रिव्हेटांना टेकला होता. रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर ओरखडे काढायला नुकतीच सुरुवात केली होती. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) शिकवताना यंत्रयुगाची शब्दकळा हा मुद्दा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. यंत्राचा असा एक झिजलेला अवयव मात्र पहिल्यांदाच हातात धरला.

“घाटात पाय क्लचवरच ठेवता ना, मॅडम?” त्याने विचारले. “चढावर गाडी थांबली की ब्रेक न लावता हाफ क्लचवर धरता?” उत्तर आमच्या चेहऱ्यावर असावे. त्याने प्लेट दोन हातांत धरून समजावले. पेडल पूर्ण दाबले की प्लेट सुटी. पूर्ण सोडले की ती फ्लायव्हीलला घट्ट चिकटून त्याच्याबरोबरच फिरते. दोन्ही वेळी झीज जवळजवळ नाही. झीज होते ती मधल्या अवस्थेत, धड सुटलेलीही नाही आणि धड जोडलेलीही नाही तेव्हा. “मधे थोडा वेळ जावंच लागतं, त्याशिवाय गाडी हलणार नाही. पण तिथं राहायचं नाही.”

त्यानंतर आम्ही दोघेही थोडा वेळ बोललो नाही. घाटावरच्या त्या नेमणुकीला १२ वर्षे झाली आहेत. दर जूनला नवा अर्ज, दर उन्हाळ्यात बिनपगारी सुटी. हजेरीपुस्तकात नाव आहे, सेवापुस्तक नाही. विद्यार्थी ‘मॅडम’ म्हणतात, कार्यालय ‘सीएचबी’ म्हणते. ‘पुढच्या वर्षी जाहिरात निघेल’ या वाक्यावर आम्ही चढावर गाडी धरून ठेवावी तशी १२ वर्षे धरून ठेवली. इंजिन ओरडत होते. त्याला आम्ही निष्ठा म्हणत होतो. आणि ज्याची नोकरी कायम होती, त्याला हा जळका वास फार पूर्वीच यायला हवा होता, हेही इथे नोंदवले पाहिजे.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच नवा घातला. प्लेट नेमकी मध्यावर बसावी म्हणून त्याने एका जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत घालून ती जुळवली. संध्याकाळी पेडल इतके हलके लागले की दोनदा इंजिन बंद पडले. घाट चढताना हँडब्रेक ओढून थांबायचे आणि निघायचे, हे आम्ही पंचेचाळिशीत नव्याने शिकलो.

गाडी विकायची नाही, हे ठरले. दुसरा निर्णय अजून व्हायचा आहे. जूनचा अर्ज येईल तेव्हा तो भरायचा तर शेवटचा म्हणून भरायचा, नाहीतर भरायचाच नाही. वर्गातल्या त्या पहिल्या बाकावरच्या मुली आठवल्या की हात अडखळतो. पण अर्ज टेबलावर तसाच पडू द्यायचा नाही, एवढे आम्ही एकमेकांना सांगून ठेवले आहे.