घरातल्या शुश्रूषेचा हिशेब

12 सप्टेंबर 2025, शुक्रवार

विवरणपत्र भरायची मुदत सोमवारी संपतेय, म्हणून सकाळीच सीएंकडे जाऊन आले. ह्यांच्या औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी, सगळं फाइलला लावून नेलं होतं. कलम 80 डीडीबीमध्ये पार्किन्सन्स बसतो. अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि रुग्ण साठीच्या पुढचा असेल, तर एक लाखापर्यंत वजावट मिळते, पण जुन्या कररचनेत. सीएंनी दोन्ही रचनांचे आकडे मांडून दाखवले. माझं पेन्शन आणि व्याज धरून दोन्हीकडे कर शून्यच येतो. म्हणजे आम्हाला या वजावटीचा उपयोग नाही. करातली सवलत ज्याला कर बसतो त्याच्या कामाची. आजारपणाचा खर्च मात्र कर न बसणाऱ्या घरांनाही तेवढाच येतो.

23 सप्टेंबर, मंगळवार

कालपासून जीएसटी उतरला. मोठ्यांच्या डायपरवरचा 12 टक्क्यांचा 5 झाला, वैयक्तिक मेडिक्लेमवरचा 18 टक्के पूर्ण गेला. डायपरमागे महिन्याला दीडशेच्या आसपास वाचतील. वाचले ते आपले.

मेडिक्लेम असो की सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांसाठीचं पाच लाखांचं आयुष्मान वयवंदना कार्ड असो, रुग्णालयात दाखल झालं की त्यांचा आधार. ह्यांचा आजार मात्र घरात राहणारा आहे. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात, या वेळांना सिंडोपाची गोळी पोटात गेलीच पाहिजे. ती जेवणाआधी द्यायची, कारण डाळी-दुधातलं प्रथिन तिच्या आड येतं. वेळ टळली की पाय जमिनीला खिळतात आणि हे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उभेच राहतात. तिथे फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावून घेतल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. हे सगळं बघायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार आमच्या पॉलिसीत कुठेच बसत नाही.

1 ऑक्टोबर, बुधवार

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं तिमाही व्याज आज जमा झालं. निवृत्तीच्या पैशातले पंधरा लाख तिथे आहेत, 8.2 टक्क्यांनी 30,750 रुपये. महिन्याला 10,250 धरायचे. माझं पेन्शन 38,000, ह्यांच्या कंपनीच्या नोकरीचं ईपीएस पेन्शन 2,900. एकूण 51,150.

आता जावक. ह्यांच्या शुश्रूषेला ब्युरोकडून बारा तासांसाठी येणाऱ्या दादांचे दिवसाला 800, म्हणजे 24,000. औषधं 6,500. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा, महिन्याला 6,000. डायपर, चादरी, हातमोजे मिळून 2,500. बेरीज 39,000. उरलेल्या 12,150 मध्ये किराणा, वीज, सोसायटी, गॅस आणि माझी बीपीची गोळी. लेक नागपूरहून दर महिन्याला पाठवते ते वेगळं ठेवते. चोवीस तासांचा माणूस लागेल तेव्हाच त्या पैशांना हात लावायचा, त्याआधी नाही.

आजारपणासाठी पैसे बाजूला ठेवले, असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन असतं. एकदा मोठा खर्च झाला की संपला. इथे रक्कम छोटी असते आणि ती संपत नाही. पुढची दहा वर्षं दर महिन्याला किती लागेल, हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला त्यालाच खरा आकडा कळतो.

9 ऑक्टोबर, गुरुवार

ह्यांचा चेक परत आला. सही जुळत नाही. या आजारात अक्षर बारीक होत जातं. पूर्वीची ती टपोरी, शेवटी वळण घेणारी सही आता तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे. बँकेतल्या बाईंनी त्यांना समोर आणायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराचा अंगठा चालतो. तो ओळखणारे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी छापील कागद दाखवला तेव्हा अधिकारी घरी आले.

संध्याकाळी वकील आले होते. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असं मला वाटे. ते म्हणाले, करार कायद्याच्या 201 कलमाप्रमाणे लिहून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपत्राचा अंमलही संपतो. पार्किन्सन्समध्ये पुढे स्मृतिभ्रंश होऊ शकतो. मग खातं संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना देणं, ठेवींना नामांकन, आणि मृत्युपत्र. हे ऐकत होते. सावकाश म्हणाले, ‘‘आत्ताच करून टाक. मला अजून सगळं कळतंय.’’

22 ऑक्टोबर, पाडवा

दादा भाऊबीजेपर्यंत गावी गेलेत. ब्युरोकडून बदली मिळाली नाही, दिवाळीत मिळत नाहीच. उटणं, आंघोळ, कपडे, दाढी, सगळं माझ्या हातून झालं. ओवाळताना खांदा वर जाईना. पलंगावरून उठवताना झटका बसतो तो तिथेच.

दादा करतात त्या कामाचे दिवसाला 800 होतात. रात्रीचे बारा तास मी करते, त्याची नोंद कोणत्याच हिशेबात नाही. माझा खांदा गेला तर दुसरा माणूस ठेवावा लागेल, तेव्हा ती होईल. म्हणून उद्या लेक येतेय तर खांदा दाखवून घ्यायचा. तो खर्चही ह्यांच्याच आजारपणाचा.

10 नोव्हेंबर, सोमवार

हयातीचा दाखला दिला. मग ह्यांच्या अपंगत्व प्रमाणपत्राचे कागद जुळवत बसले. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या यादीत पार्किन्सन्स आहे. त्याच कायद्याच्या 24व्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला दरमहा 600 रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम अपुरी आहे, पण घरात राबणाऱ्याची दखल तरी सरकारदरबारी आहे. आमच्या घरापर्यंत असं काही आलेलं नाही.

आपल्या योजना रुग्णालयातल्या खाटेचे पैसे देतात, घरातल्या खाटेचे देत नाहीत. जुनाट आजार बहुतेक सगळा घरातल्या खाटेवरच काढावा लागतो. तिथला खर्च उचलणारी तरतूद झाली पाहिजे, आणि ती आपण सगळ्यांनी मागितली पाहिजे. तोवर ज्यांच्या घरी हे दुखणं नुकतंच आलं आहे त्यांनी दोन कामं आधी उरकावीत. जोडीदाराला सगळं कळतंय तोवर खात्यांचे आणि मृत्युपत्राचे कागद पुरे करा. आणि महिन्याचा खर्च मांडताना सेवा करणाऱ्याच्या तब्येतीची रक्कम त्यात धरा.