पद्मिनीचा ताळेबंद

बँकेत एकवीस वर्षे काढलेल्या माणसाने स्टेपलरपेक्षा अवघड यंत्राला हात लावू नये, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे. अनुभव अर्थातच माझा. सोसले ते गाडीने.

आमच्याकडे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. रंग पांढरा, म्हणजे होता. इटलीच्या फियाटवरून बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आमची मात्र कोपरीत, सोसायटीच्या गेटाशी, अजून नोकरीत आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वागळे इस्टेटमधल्या नोकरीच्या काळात ती सेकंडहँड घेतली. आजार गाडीला झाला की माझ्या धाकट्या भावाला, हे ते जिन्यातून नुसत्या आवाजावरून सांगत. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आणि कानात मशीन.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी मिसिंग मारू लागली. कोपरी पुलाच्या चढावर तर तिला अशी धाप लागे, की मागचे रिक्षावाले हॉर्नऐवजी थेट तोंडानेच बोलत. मी निदान केले : अशक्तपणा. उपाय : पेट्रोल वाढवा. कार्बोरेटरला मिश्रणाचा एक छोटा स्क्रू असतो. तो मी एका रविवारी अर्धा फेरा उघडला, दुसऱ्या रविवारी आणखी अर्धा. तिसऱ्या रविवारी सायलेन्सरमधून असा काळा धूर निघाला, की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला नेले आणि आमच्याशी बोलणे बंद केले.

पीयूसीच्या यंत्राने ५.४ आकडा दाखवला. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला नुसत्या चालू इंजिनावर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, "काका, हिला आता आराम द्या."

त्या रात्री घरात बैठक झाली. "अहो, किती दिवस हा संसार ओढायचा?" सौभाग्यवतींनी विचारले. शेवटचा एक प्रयत्न, नाहीतर भंगार, असा ठराव पास झाला. अण्णा तिथेच टीव्हीसमोर बसले होते. त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांची संमती गृहीत धरली.

रविवारी सकाळी मी पुन्हा स्क्रूकडे वळलो, तर मागे अण्णा. हातात बल्ब आणि दोन वायरी.

"गाढवा, आधी पॉइंट बघितलेस?"

मी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. गॅरेजवाले त्याला डेल्को म्हणतात. आत दोन कॉन्टॅक्ट पॉइंट. त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट असावी लागते. आमच्याकडे ती जवळजवळ मिटली होती. पॉइंटचा फायबरचा तुकडा झिजला की फट मिटते; फट मिटली की ठिणगी दुबळी होते आणि उशिरा पडते; उशीर झाला की इंजिनाची ताकद चढावर न लागता सायलेन्सरमधून बाहेर जाते. गाडी उपाशी नव्हती, तिला जेवण उशिरा मिळत होते. मी मात्र ताटात वाढतच सुटलो होतो.

मला एकदम माझा धंदा आठवला. मूळ नोंद चुकलेली असते, ताळा जुळत नाही, म्हणून नवखा कारकून फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकून सुटकेचा निःश्वास टाकतो. मी तेच केले होते. चूक इग्निशनमध्ये, जमाखर्च पेट्रोलमध्ये.

फट लावली. मग अण्णांनी बल्बची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला जोडली, दुसरी बॉडीला. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, तोच ठिणगीचा क्षण. पुलीवरची खूण जागेवर आणून मी डेल्को हळूहळू फिरवला. बल्ब पेटला, तिथेच बोल्ट कसला. इथे कानाचे काही कामच नव्हते.

कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. इंजिन चालू केले. अण्णांनी मडगार्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी स्क्रू आत घेत होतो.

"आणखी... आणखी... थांब. पाव फेरा मागे."

इंजिनाची थरथर एकसारखी झाली. मी खिशातली पैसे भरायची स्लिप सायलेन्सरसमोर धरली. व्हॉल्व्ह जळला असेल तर कागद मधूनमधून आत ओढला जातो, असे अण्णा म्हणाले. स्लिप एका लयीत बाहेरच फडफडत राहिली. इतक्या वर्षांत या स्लिपने दिलेले हे पहिले समाधान.

पीयूसीला आकडा आला २.१. यंत्रावरच्या मुलाने नळी काढून पुन्हा घातली. पुन्हा २.१.

परत येताना मुद्दाम कोपरी पुलावरून आलो. गाडी कुरकुर न करता चढली. अण्णांनी दारावर दोन बोटे टेकवली होती. "आता आवाज बरोबर आलाय," ते म्हणाले.

मी पाहिले, तर त्यांच्या कानात मशीन नव्हते. घरी फ्रिजवरच राहिले होते.

त्या रात्रीच्या बैठकीत ते कानात होते की फ्रिजवर, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.