शक्तिमान परत येतोय म्हणे...

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, आमच्या पारावर मोठा वाद झाला. तुम्ही म्हणाल, राजकारणावरून झाला असेल. २०२३ च्या उपोषणापासून आमच्या अंतरवाली सराटीचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण नाही! वाद झाला तो शक्तिमानवरून. हो, तोच. गरगर फिरून उडणारा.

त्या दिवशी मतदानासाठी पोरं गावी आली होती. वाळूजहून, चाकणहून, पुण्याहून. पोरं म्हणायची आपली सवय, सगळे पस्तीस-चाळिशीचे बाप्ये आहेत. बहुतेक माझे विद्यार्थी. मतदान करून बोटाची शाई दाखवत पाराशी बसले आणि एकाने मोबाईल काढला. "गुरुजी, हे बघितलं का? शक्तिमान परत येतोय!"

मी चष्मा पुसून बघितलं. तीच लाल-सोनेरी पोशाखातली मूर्ती, मुकेश खन्ना. एका शाळेत उभे राहून क्रांतिकारकांच्या तसबिरींपुढे गाणं म्हणत होते. आठ-दहा दिवसांपूर्वीच त्यांनी ही छोटी झलक प्रसिद्ध केली होती, आणि शक्तिमानला भारताचा पहिला 'सुपर टीचर' म्हटलं होतं. मला आपलं हसू आलं. म्हटलं, चला, आमच्या बिरादरीत एकाची भर पडली.

पण पोरं हसली नाहीत. एक म्हणाला, "अंगावर काटा आला गुरुजी." दुसरा म्हणाला, "कशाचा काटा? सहासष्ट वर्षांचे झाले ते. आता कशाला तो ड्रेस घालायचा? होतं ते तसंच राहू द्यायचं ना!" तिसरा म्हणाला, नवीन नट घ्या, खर्च करा, हॉलिवूडसारखं चकाचक करा. त्यावर पहिला उसळला, "दुसऱ्या कुणाला तो ड्रेस चढवला तर मी बघणारच नाही!" २०२२ साली सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर मोठा चित्रपट काढायची घोषणा केली होती, तेव्हापासून रणवीर सिंगचं नाव चर्चेत होतं आणि खुद्द मुकेश खन्नांनी त्याला जाहीर विरोध केला होता. तो सगळा इतिहास पारावर उगाळून झाला. आवाज चढले. दोघं तर चहा न घेताच उठून गेले. चाळिशीची माणसं, घरी कर्ज, पोरांच्या फिया, आणि भांडतायत कशावर? तर एका मालिकेवर!

रात्री पुण्याच्या पुतण्याशी फोनवर बोलताना ही गंमत सांगितली. तो म्हणाला, काका, हे सगळीकडे असंच असतं. इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' नावाची विज्ञान मालिका १९६३ साली सुरू झाली, १९८९ ला बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. तेव्हा तिथल्या लोकांनीही असंच डोकं फोडून घेतलं होतं. पण त्यांची एक सोय आहे. त्यांचा नायक मरायला टेकला की त्याचं शरीरच बदलतं, नवा चेहरा येतो. १९६६ पासून असं चाललंय. त्यामुळे नट म्हातारा झाला तरी गोष्ट थांबत नाही. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे मात्र एकच माणूस, एकच पोशाख. तो थकला की गोष्ट थकली.

आता शक्तिमानला विज्ञानकथा म्हणावं का, हा वाद जाणकारांनी घालावा. कुंडलिनी जागृत करून पंचमहाभूतांच्या बळावर उडणारा नायक, आणि समोर प्रयोगशाळेत नाही नाही ते घडवणारा डॉक्टर जॅकॉल, अशी ती खिचडी होती. नारळीकर सरांच्या कथा वाचलेल्या माणसाला ती पचायला जड. त्याच सुमारास, १९९८ साली, केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली होती, ती अंतराळातली, विज्ञानकथेच्या जास्त जवळची. पण आमच्या खेड्यातल्या पोरांना वेड लावलं ते शक्तिमाननेच. म्हाताऱ्यांनाही तो चालला, कारण 'महाभारता'तले भीष्म म्हणजे मुकेश खन्ना इकडे नायक आणि तिकडचे द्रोणाचार्य म्हणजे सुरेंद्र पाल इकडे तमराज किल्विष. म्हातारी माणसं म्हणायची, भीष्माचं आन् द्रोणाचं कधीपासून बिनसलं बाबा?

मालिका सुरू झाली १३ सप्टेंबर १९९७ ला. शनिवार होता. शनिवारी आमची सकाळची शाळा, आणि शक्तिमान लागायचा शाळा सुटायच्या वेळेला. अकरा वाजत आले की पोरांची चुळबुळ सुरू. कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाची म्हैस सुटलीय. मुलं शाळा बुडवतात अशी तक्रार सगळीकडूनच झाली आणि पुढे मालिका रविवारी गेली, असं मुकेश खन्नांनीही मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे आमची शाळा काही एकटी नव्हती!

गावात तेव्हा टीव्ही मोजके. लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही चालवायचा. त्यामुळे शक्तिमानचा पोशाख लाल आहे, हे आमच्या बऱ्याच पोरांना उशिरा कळलं. माळवदावर अँटेनाचा बांबू. वारा आला की चित्र गेलं. मग एका पोराला वर चढवायचं. खालून ओरडा, "आलं... आलं... गेलं! उलटं फिरव!" आमच्या समोरच्या घरी हे काम एकाच पोराकडे असायचं. माझ्याच वर्गात होता, सहावीत. काटकुळा, मुका म्हणावा इतका गप्प. सगळी गल्ली खाली बसून शक्तिमान बघायची आणि हा वर बांबू धरून उभा. त्याला फक्त आवाज ऐकू यायचा.

१९९८ चा पावसाळा संपला होता. एका शनिवारी मालिका संपता संपता धप्पकन आवाज आला. पोरगं माळवदावरून खाली. हात मोडला, हनुवटी फुटली. अंबडला नेऊन प्लास्टर घातलं. पोरं म्हणाली, "गुरुजी, तो पडला नाही, त्याने उडी मारली. शक्तिमान, शक्तिमान ओरडत मारली."

त्याच सुमारास वर्तमानपत्रांत अशा बातम्या येऊ लागल्या होत्या. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून कुठे पोरांनी उड्या मारल्या, कुठे अंगाला आग लावून घेतली. पुष्कळ गदारोळ झाला. त्यातल्या बऱ्याच बातम्यांत तथ्य नाही, असं मुकेश खन्ना सांगत राहिले. पण पडद्यावर येऊन मुलांना बजावायलाही लागले, की मी करतो ते तुम्ही करू नका.

मीही बजावलं. तो गळ्यात हात बांधून वर्गात आला तेव्हा त्याला फळ्याशी उभं केलं. खडू वर फेकला, खाली पडला. डस्टर फेकला, खाली पडला. "आता सांग, तू का पडणार नाहीस? तू काय फुलपाखरू आहेस?" वर्ग खो-खो हसला. गुरुत्वाकर्षणाचा इतका चांगला पाठ मी कधी घेतला नव्हता, असं मला त्या दिवशी वाटलं. वर्षभर पोरं त्याला फुलपाखरू म्हणत होती.

हा झाला जुना भाग. मालिका २००५ साली बंद पडली, मी निवृत्त झालो, तो वाळूजला कंपनीत लागला.

मग आलं २०२०. लॉकडाऊन. दूरदर्शनने रामायण-महाभारताबरोबर शक्तिमानही पुन्हा दाखवायला सुरुवात केली. एप्रिलचं ऊन, रस्ते ओस, आणि दुपारी समोरच्या ओसरीतून तो ओळखीचा सूर! वाळूजची कंपनी बंद, म्हणून तो बायकापोरांसह गावी आलेला. सात-आठ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून त्याने टीव्ही लावला होता. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. आता रंगीत टीव्ही, डोक्यावर छत्री, वर चढायचं काम नाही. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आणि शक्तिमान उडाला. पोरगं फिदीफिदी हसायला लागलं. "पप्पा, हे किती खोटंय! मागचं चित्र बघा ना, चिकटवलंय नुसतं!" त्याचं काय चुकलं? मोबाईलवर इंग्रजी सिनेमे बघणारी पिढी ती. पण बापाचा चेहरा उतरला. त्याने काही न बोलता टीव्ही बंद केला आणि शेताकडे निघून गेला. मला वाटलं, जुन्या आवडीला पोराने नावं ठेवली म्हणून रागावला. आपणही नाही का, आपल्या काळातल्या नाटकाला कुणी हसलं की चिडत!

तर मंडळी, मतदानाच्या दिवशी तोही पारावर होता. सगळ्या वादात एक अक्षर बोलला नाही. सगळे उठल्यावर मला घरापर्यंत सोडायला आला. अंधार पडला होता आणि लाईट गेली होती. मी गमतीने म्हटलं, "अंधेरा कायम रहे!" किल्विषचं ते पालुपद, पूर्वी लाईट गेली की सारी गल्ली एका सुरात ओरडायची. तो हसला. मग म्हणाला, "गुरुजी, एक सांगू का? मला उडायचं नव्हतं त्या दिवशी."

"मग?"

"तो पडणाऱ्या पोराला वाचवायला येतो ना. मला वाटलं, आपण पडलो की तो येईल. आला की म्हणणार होतो, आता आलाच आहेस तर आमच्या घरात चल. बाप रात्री मायला मारतो, ते बंद कर."

मी काय बोलणार? कंदील लावायच्या निमित्ताने घरात गेलो आणि बराच वेळ काडेपेटी शोधत राहिलो.

कारण मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. समोरचंच घर. रात्री त्या माउलीचं रडणं माझ्या अंथरुणापर्यंत ऐकू यायचं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपण कशाला पडा, असं म्हणून मी कूस बदलायचो. पोरगं ज्याला हाक मारत होतं तो मुंबईच्या स्टुडिओत होता, आणि ज्याला हाक ऐकू येत होती तो वीस पावलांवर झोपलेला. सकाळी तोच त्याला फळ्यावर गुरुत्वाकर्षण शिकवत होता.

पाठ चूक नव्हता. वस्तू खालीच पडते. पण पोराने उडी का मारली, हे एकदा बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मी आधी उत्तर दिलं, प्रश्न विचारलाच नाही.

तेव्हापासून पारावरचा तो वाद मला वेगळा ऐकू येतो. एक म्हणतो तस्साच परत आणा, दुसरा म्हणतो हात लावू नका, तिसरा म्हणतो नवा घ्या. वरवर बोलणं पोशाखाचं, वयाचं, खर्चाचं. पण त्या वयात प्रत्येकाने त्या माणसाला काहीतरी मागितलेलं असतं. कुणी परीक्षेत पास कर म्हणून, कुणी बापाचं कर्ज फेड म्हणून. ते कुणाला सांगितलेलं नसतं. म्हणून मालिकेला कुणी हसलं की लागतं, आणि ती बदलली तरी लागतं. एरवी पोरासोबत हसून सोडून देण्यासारखीच गोष्ट आहे ती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गेलो. तो बॅग भरत होता, वाळूजची बस पकडायची होती. त्याची आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, आता निवांत असते. मी तिच्यासमोरच त्याला म्हटलं, "माझं चुकलं होतं रे." तो संकोचला. "जाऊ द्या गुरुजी, लई जुनी गोष्ट झाली." आई म्हणाली, "काय चुकलं गुरुजींचं?" आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. तिने ओंजळभर शेंगा माझ्या हातात दिल्या.

असो. शक्तिमान परत येवो न येवो, मुकेश खन्ना होवोत की दुसरा कुणी, मला त्यात फारसं कळत नाही. एवढंच सांगावंसं वाटतं, तुमच्या घरातलं, शेजारचं पोरगं एखाद्या मालिकेतल्या नायकासाठी वेडं झालं असेल तर त्याला खोटं आहे म्हणून हसण्याआधी एकदा विचारा, तो आला तर तू त्याला काय सांगशील? आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा. गप्प पोरांना वेळ लागतो.