आधी दुधी, मग कोळंबी

मगरिबची नमाज झाली की आम्ही दोघी जावा ओट्यापाशी येतो. इशाच्या आत दस्तरखान मांडायचं असतं. त्या वेळात बसणारं कालवण म्हणजे दुधी-कोळंबी. आम्ही दोघीही रत्नागिरीकडच्या. माहेरी हेच खाल्लं, सासरीही हेच. कोळंबी कुणी खात नसेल, हे आमच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग धाकट्या दिराचा निकाह झाला. दुल्हन सोलापूरची. आमची बोली कोकणी, तिची दख्खनी, त्यामुळे तिघींचं बोलणं मराठीतच सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात दुधी-कोळंबी केली, तर तिने ताटात घेतली नाही.

"वास येतो का गं?" आम्ही विचारलं.

"नाही भाभी, आमच्याकडे खात नाहीत."

आम्हाला वाटलं, नखरे आहेत, होईल सवय. काही दिवसांनी आम्ही एक चूक केली. कालवणातली कोळंबी वेचून काढली आणि "घे, नुसता दुधी आहे" म्हणून तिला वाढलं. पहिल्याच घासाआधी तिला दुधीच्या फोडीखाली कोळंबीचा तुकडा दिसला. ती काहीच बोलली नाही. वाटी बाजूला ठेवली आणि भाकरी लोणच्याशी खाल्ली.

अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, हे पाहिलं. जेवणानंतर आम्हाला जवळ बसवून म्हणाल्या, "तिला आवडत नाही म्हणून ती सोडत नाही. ती हनफी घरातली आहे. आणि तुम्ही तिच्याशी खोटं बोललात."

आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. समुद्रातलं अन्न हलाल असल्याचं सूरह अल-माइदाच्या 96व्या आयतीत आलं आहे आणि त्याचा अर्थ आमचे इमाम व्यापक घेतात. म्हणून कोळंबी, तिसऱ्या, कालवं आमच्याकडे निःशंक चालतात. हनफी मसलकात मात्र पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल. कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, यावर त्यांच्या उलमांची दोन मतं आहेत. काही जायज मानतात, काही टाळायला सांगतात. तिच्या वडिलांचं घर टाळणाऱ्यांचं.

हे ऐकून आम्ही खजील झालो. मतभेद इमामांमधला होता, त्यात कुणी चुकलेलं नव्हतं. चुकलो होतो आम्ही. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "भाभी, मला वाटलं, मी या घरात कुणाला नकोच आहे." ते वाक्य आम्हाला आजही टोचतं.

तोड अम्मींनीच काढली. "कोळंबी कशाला आधी टाकता? तिला शिजायला वेळ कितीसा लागतो!"

तेव्हापासून आमची रीत अशी. कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, धुऊन हळद-मीठ लावून बाजूला ठेवायची. कढईत तेलावर ठेचलेला लसूण, कांदा, हिरवी मिरची परतायची. हळद आणि घरचा लाल मसाला घालून दुधीच्या फोडी टाकायच्या आणि झाकणावर पाणी ठेवून वाफवायच्या. कोवळा दुधी बारा-पंधरा मिनिटांत शिजतो. मग मीठ, दोन-तीन आमसुलं आणि ओलं खोबरं. इथे थांबायचं. तिच्यापुरता दुधी दुसऱ्या पातेल्यात काढायचा, वर कोथिंबीर. त्यानंतरच कढईत कोळंबी घालायची. चार-पाच मिनिटांत ती लाल होऊन वळते, की गॅस बंद. जास्त शिजली तर चिवट होते. डाव दोन: कढईतला डाव पातेल्यात जात नाही.

दुधीचंही एक मोल आहे. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलं आहे की, एका शिंप्याच्या घरच्या दावतीत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) भांड्यातून दुधीच्या फोडी शोधून घेत होते, आणि त्या दिवसापासून अनस यांनाही दुधी आवडू लागला. अम्मींनी ही हदीस सांगितली तेव्हा आमची धाकटी जाऊ हसून म्हणाली, "म्हणजे सुन्नत माझ्या पातेल्यात जास्त आहे!"

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. ताजी कोळंबी दारावर क्वचितच येते. त्या दोन महिन्यांत दुधी ती करते, सोलापूरच्या पद्धतीने, शेंगदाण्याचा कूट घालून. तेव्हा डाव एकच लागतो. पहिल्या पावसाळ्यात अम्मींनी तो दुधी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि तिला म्हणाल्या, "बेटी, उद्याही हाच कर."