कूपर्सटाउनहून दादाला

सिराक्यूज, मंगळवार रात्र

प्रिय दादा, सा. न.

नायगारा झाला, फोटो पाठवलेत. बोटं गारठलीत, अक्षर सांभाळून घे. बसच्या तिकीटखिडकीवरचा माणूस इतका तुसडा, की दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याने काचच ओढून घेतली. तासभर बोचऱ्या वाऱ्यात उभी होते. मग वाटीभर सूपला नऊ डॉलर मोजले. एवढं सोडून बाकीचं आईला वाचून दाखव.

कार्डांचा संग्राहक जेफरसन बर्डिक याच गावात राहायचा. कारखान्यात विजेच्या सामानाची जोडणी करायचा. संधिवाताने हात आखडलेले, तरी सिगारेटच्या पाकिटांतली, च्युइंगमच्या पुड्यांतली चित्रं जमवत राहिला आणि त्यांची सूची छापली. 1909 ते 1911 मध्ये तंबाखू कंपनीने काढलेल्या बेसबॉलच्या कार्डांना आज सगळे ‘टी-206’ म्हणतात, तो त्याच्याच सूचीतला क्रमांक. होनस वॅग्नरचं ते प्रसिद्ध कार्ड यातलंच. वॅग्नरने हरकत घेतली, छपाई थांबली, म्हणून ते इतकं दुर्मिळ.

कूपर्सटाउन, गुरुवार

बेसबॉलचं हॉल ऑफ फेम पाहिलं. पण मी रमले ती मेन स्ट्रीटवरच्या जुन्या कार्डांच्या दुकानांत. टॉप्स कंपनीची 1952 ची उरलेली कार्डं तिथल्याच साय बर्गरने 1960 मध्ये बोटीत भरून समुद्रात बुडवली. त्याच 1952 च्या संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. तसली महागडी कार्डं प्लॅस्टिकमध्ये बंद, वर दर्जाचा आकडा. ती मला परकी वाटली.

मी घेतलं 1964 च्या संचाच्या यादीचं एक कार्ड. त्यावर 88 कार्डांची नावं, प्रत्येकापुढे चौकोन. कुणा पोराने पेन्सिलीने खुणा केल्यात, काही चौकोन रिकामेच. खुणांमुळे म्हणे किंमत पडते. मला चार डॉलरला मिळालं. दादा, त्या खुणांसाठीच मी ते घेतलं. ‘बिग फन’ च्युइंगममधल्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी तू खाऊचे पैसे वाचवायचास, कपिल देव मिळाला की गल्लीभर ओरडत सुटायचास, ते सगळं आठवलं.

दुकानदार म्हणाला, पोरं मोठी होऊन घराबाहेर पडली, की आया त्यांच्या कार्डांची खोकी फेकून द्यायच्या. आईला सांग, तिने तुझ्या चित्रांचा डबा माळ्यावर जपला, ही काही लहान गोष्ट नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय? डॉक्टर काय म्हणाले ते कळवत का नाहीस?

न्यूयॉर्क, रविवार

पोळी-भाजीची फार आठवण येते. इथला पाव गोड लागतो.

मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बर्डिकच्या संग्रहातली थोडी कार्डं मांडलीत. तीन लाखांहून अधिक कागद त्याने इथे फुकट दिले आणि वर्षानुवर्षं येऊन स्वतः आल्बममध्ये डकवले. जानेवारी 1963 मध्ये काम संपलं. मार्चमध्ये तो गेला. डिंक लावला म्हणून आजचे व्यापारी हळहळतात. माझ्या मते त्याने योग्यच केलं. डकवलेलं कार्ड बाजारात जात नाही, कुणालाही येऊन पाहता येतं.

तुझ्या डब्यातल्या चित्रांची यादी कर. कोण कुठल्या वर्षी, कुणाशी बदली करून मिळाला, तेही लिही. आणि ऑनलाइन विकायचं मनात असेल, तर मी येईपर्यंत थांब.

तुझी,
धाकटी बहीण